गणसंख्या तीन

चनबसप्पांनी लाल पेन्सिलीला चाकूनं टोक काढलं, वहीच्या पहिल्या पानावर पट्टी ठेवली आणि गुरुशांतच्या नावावर एक सरळ रेघ ओढली. रेघ वाकडी गेलेली त्यांना खपत नसे, मग दुःख कितीही मोठं असो. रेघेपुढं तारीख घातली, खाली सही केली आणि वही उघडी ठेवून ते खिडकीबाहेर बघत बसले. तासाभरापूर्वीच ते गुरुशांतला माती देऊन आले होते. अंघोळीनं भिजलेले कानाजवळचे पांढरे केस अजून वाळायचे होते.

काशम्मा भाकरी थापत होती. तिथूनच मान उंच करून तिनं पान बघितलं. सात नावं होती, आणि आता चार लाल रेघा.

"गणसंख्या किती लागती वो तुमच्या कमिटीला?" तिनं विचारलं.

"तीन."

"आणि उरला किती जण?"

चनबसप्पांना मोजायची गरज नव्हती, तरी त्यांनी वहीकडं एकवार बघितलं.

"तीन."

"धुळाप्पा भावजींचं काय खरं न्हाय म्हणं. आठवड्यातनं दोनदा रक्त धुवाय नेत्यात."

"ठाऊक हाय मला."

काशम्मानं भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला. नवऱ्याला किती दाबायचं आणि कुठं सोडायचं, हे तिला पन्नास वर्षांच्या सरावानं नेमकं ठाऊक होतं.

वही गिरणी कामगारांच्या युनियनची होती. गिरणी बंद पडून जमाना लोटला होता, तिच्या जागेवर फ्लॅट उभे राहिले होते आणि युनियनच्या कचेरीत एक जण मोबाईलची कव्हरं विकत होता. पण युनियन बरखास्त करायचा ठराव कधी झाला नव्हता. ठराव नाही म्हणजे युनियन आहे, आणि युनियन आहे म्हणजे सरचिटणीस चनबसप्पा आहेत, असं त्यांचं शहात्तराव्या वर्षीही साधंसरळ म्हणणं होतं.

आणि युनियन आहे म्हणजे ठराव क्रमांक चारही आहे.

तो तेहतीस वर्षांपूर्वी, संपाच्या पंधराव्या दिवशी, खुद्द चनबसप्पांनी मांडला होता. जो कामगार संप फोडून कामावर जाईल त्याच्याशी सभासदांनी बोलणं-बसणं आणि पान-तंबाखूची देवघेव बंद ठेवावी. सातच्या सात हात वर झाले. चारच दिवसांनी त्यांचा धाकटा सख्खा भाऊ मल्लेश कामावर गेला. त्याची सात वर्षांची श्रीदेवी टायफॉइडनं फणफणली होती आणि घरात औषधालासुद्धा पैसा नव्हता. चनबसप्पा त्या सकाळी गिरणीच्या दारात झेंडा घेऊन उभे होते. आत शिरू पाहणाऱ्या तिघांना त्यांनी दंडाला धरून मागं फिरवलं. मल्लेश समोरून आला, तेव्हा मात्र ते बाजूला झाले.

"त्याला का न्हाय अडवलं?" काशम्मानं पुढं कधीतरी विचारलं होतं.

"ते वेगळं," चनबसप्पा म्हणाले होते.

हे दोन शब्द त्यांच्या फार कामाचे होते. दोन गोष्टी एकमेकींच्या अंगावर धावून यायला लागल्या, की चनबसप्पा मध्ये हे दोन शब्द ठेवत आणि दोन्हींकडं सारख्याच प्रेमानं बघत. गळ्यात इष्टलिंग आणि खांद्यावर लाल झेंडा हे कसं जमतं, असं कॉम्रेड लोक चिडवायचे, तेव्हाही हेच उत्तर. रोज पहाटे लिंग तळहातावर घेऊन पूजा आणि नऊ वाजता सभेत धर्माच्या ठेकेदारांवर तोफ. दोन्ही मनापासून. काशम्माला सुरुवातीला वाटे, हा माणूस कुठंतरी खोटं बोलतोय. मग वर्षं गेली आणि तिला कळलं, की तो कुठंच खोटं बोलत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

मल्लेशचं घर शुक्रवार पेठेतच, दोन बोळ पलीकडं होतं. भावाशी बोलायचं नाही म्हणजे नाही, पण ठरावात जे लिहिलं नव्हतं ते सगळं चनबसप्पांनी निगुतीनं शोधून काढलं होतं. सणाला पुरणाची होळगी करून काशम्मा जावेकडं डबा पाठवायची. बहिष्कार मल्लेशवर आहे, सिद्धम्मा काय गिरणीत कामाला होती? श्रीदेवीच्या लग्नात चनबसप्पा पहिल्या रांगेत होते. नवरीनं कुठं संप फोडला होता? फोटोवाल्यानं दोघा भावांना शेजारी उभं राहायला सांगितलं, तेव्हा ते नवरा-नवरीच्या त्या टोकाला जाऊन उभे राहिले. मल्लेशचा पाय मोडला, तेव्हा दवाखान्यात दोन दिवस कॉटजवळ बसून होते आणि भिंतीकडं तोंड करून नर्सला सांगत होते, "पेशंटला म्हणावं, पाय हलवू नगं." पेशंट दीड हातावर होता.

आणि रोज संध्याकाळी ते मल्लेशच्या ओट्यासमोरच्या विजेच्या खांबापाशी थांबत. खांबाकडं बघून घरच्या बातम्या सांगत. थोरल्याची बदली झाली, काशीचा गुडघा दुखतोय, यंदा ज्वारी चांगली निघाली. खांबाशी बोलायला ठरावाची हरकत नव्हती. मल्लेश ओट्यावर बसून सगळं ऐकायचा आणि तोंडातून अवाक्षर काढायचा नाही. उत्तर दिलं तर ते बोलणं ठरेल आणि अण्णाचा ठराव मोडेल, ही काळजी त्यालाही होतीच.

काशम्माला हे सगळं बघून हसू यायचं. पण अलीकडं हसता हसता ती मध्येच हिशेब मांडायला लागली होती. मल्लेश सत्तरीला आला होता. धुळाप्पा गेला की गणसंख्या संपली. मग ठराव रद्द करायला या जगात कुणीच उरणार नव्हतं, आणि तिचा नवरा मरेपर्यंत खांबाशीच बोलत राहणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चनबसप्पांनी कार्बन पेपर काढला. तीन प्रतींत नोटीस लिहिली. 'विषय एक, मागील इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय दोन, ठराव क्रमांक चारचा फेरविचार. विषय तीन, अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय. स्थळ, अध्यक्ष धुळाप्पा यांच्या कन्येचे राहते घर, मोडनिंब.' एक प्रत धुळाप्पाला टपालानं, एक तिसरा उरलेला सभासद नरसय्या, त्याला हातोहात. तिसरी स्वतःला दिली आणि पोच म्हणून सही केली.

"आठ दिवस पुढची तारीख कशाला?" काशम्मा म्हणाली. "उद्याच जावा की. भावजी थांबायला नगंत व्हय तवर?"

"पूर्ण सात दिवसांची नोटीस लागती."

"बरं. हात तर वर करणार न्हवं तुमी?"

"विरोधात."

काशम्माच्या हातातलं ताट खाली आपटलं.

"मग बैठक कशाला घेताय? मिरवायला?"

"फेरविचार मागायचा सभासदांना हक्क हाय. आणि संप फोडणं चूकच. मीच मांडलेल्या ठरावाला मीच खोटं म्हणू?"

म्हणजे सगळं आता नरसय्यावर आलं. धुळाप्पा मऊ मनाचा, तो हो म्हणेल. नरसय्यानं नाही म्हटलं तर संपलंच. त्या दिवशी काशम्मानं नवऱ्याच्या ताटात शेंगाचटणी वाढली ती नुसती तिखट, आणि ठसका लागला तरी पाण्याचा तांब्या पुढं केला नाही.

नरसय्याची नोटीस तिनं स्वतःच शहराच्या पूर्व भागात नेऊन दिली. खोलीच्या दारात त्याची मुलगी नागमणी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसली होती. चाळिशी उलटलेली, पण बोटं पोरीसारखी चपळ. नरसय्यानं कागद वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"वैनी, मल्लेशनं एक दिवस पोरीला इंजेक्शन दिलं," तो म्हणाला. "आमी शंभर दिवस कळ काढली. त्या साली हिची शाळा सोडवली मी. चौथीत पहिली आली होती. तवापासनं हे सूप मांडीवर हाय."

खोटं तर तो काहीच बोलत नव्हता. नागमणीनं मान वर न करता चहाचं विचारलं, आणि काशम्मा तो चहा न घेताच उठली. घरी येईपर्यंत तिला आपल्या नवऱ्याचाही राग येत नव्हता आणि मल्लेशचीही बाजू घेता येत नव्हती. असं दोन्हीकडून अडकणं म्हणजे काय असतं, ते तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

गुरुवारी चनबसप्पा वाचनालयात जातो म्हणून निघाले ते तीन तासांनी उगवले. सदरा धुवायला घेताना काशम्माला तंबाखूचा वास आला. डॉक्टरांनी अकरा वर्षांपूर्वी तंबाखू बंद केली होती, आणि चनबसप्पांनी ते पाळलंही होतं.

"खाल्लीत?"

"न्हाय."

"मग वास कशाचा?"

"ते वेगळं," म्हणून त्यांनी पेपर डोळ्यांसमोर धरला. काशम्मानं सदरा दगडावर जरा जास्तच आपटला.

रविवारी तिघं एसटीनं मोडनिंबला गेले. नरसय्या पुढच्या बाकावर एकटाच बसला आणि वाटेत एकदाही मागं वळला नाही. चनबसप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, वही मांडीवर धरली होती आणि ओठ मिटून बाहेरच्या ज्वारीकडं बघत होते. धुळाप्पाची लेक मायाक्का हायवेच्या कडेला राहत होती. अंगणातल्या लिंबाखाली शेळ्या बांधल्या होत्या आणि तिथंच बाजेवर धुळाप्पा उशांना टेकून बसला होता. पार वाळला होता, पण बैठक म्हणून त्यानं डोक्याला फेटा गुंडाळून घेतला होता.

काशम्मा मायाक्कापाशी उंबऱ्यात बसली. सभासद नसल्यानं तिला बोलायची मुभा नव्हती, तसं चनबसप्पांनी बसमध्येच बजावलं होतं.

"गणसंख्या पुरी हाय," धुळाप्पा म्हणाला. "चालू करा."

चनबसप्पांनी उभं राहून जुना ठराव वाचला. सूचक, चनबसप्पा. अनुमोदक, गुरुशांत. एकमताने मंजूर. गुरुशांतचं नाव त्यांनी दोनदा वाचलं. मग तारीख वाचली.

"ह्यो रद्द करावा असं कोण मांडतंय?" धुळाप्पानं विचारलं.

हायवेवरून एक ट्रक गेला, मग दुसरा. चनबसप्पा पेनाचं टोपण काढून खाली बघत होते. काशम्मानं पदराचं टोक मुठीत धरलं.

नरसय्या उठला.

"काल पोरगी मला म्हणली," तो बाजेच्या पायाकडं बघत म्हणाला, "अप्पा, शिरदेवीच्या जागी मला ताप आला असता, तर तू गेला असतास का कामावर? मी म्हणलो, न्हाय. झेंडा सोडला नसता. ती म्हणली, मग आमा दोघींत नशीबवान कोण?" त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. "मला उत्तर न्हाय आलं. रात्रभर न्हाय आलं. लिहा कामरेड, सूचक नरसय्या."

"अनुमोदक मी," धुळाप्पा लगेच म्हणाला, कुणी मध्ये येईल असं वाटल्यासारखा. "बाजूनं?"

दोन हात वर झाले. धुळाप्पाचा हात पुरता वर जाईना, म्हणून मायाक्का उठू लागली, तर त्यानं नजरेनंच तिला बसवलं.

"विरोधात?"

चनबसप्पांनी हात वर केला. अर्धवट नाही, बोटं जुळवून, कोपर ताठ. गिरणीच्या दारात घोषणा देताना ते असाच हात वर करत. काशम्माला क्षणभर इतका राग आला, की उठून तो हात खाली ओढावा. मग तिच्या ध्यानात आलं, की दोन आणि एक.

चनबसप्पांनी खाली बसून सावकाश लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"ठराव दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर. चनबसप्पा यांनी आपले भिन्नमत नोंदवले ते असे, की संप फोडणे ही चूक होती आणि आजही चूक आहे. तथापि बहुमताचा निर्णय सर्व सभासदांवर बंधनकारक राहील."

"सर्व?" धुळाप्पानं विचारलं.

"सर्व," चनबसप्पा म्हणाले. "विरोधात मत देणाऱ्यावरसुद्धा."

धुळाप्पा हसला. हसताना त्याला दम लागला, तरी तो हसत राहिला. त्यानं वहीवर सही केली आणि पेन लगेच परत दिलं नाही, थोडा वेळ हातात धरून ठेवलं.

स्टँडवर परतीच्या बसची चौकशी करायला चनबसप्पा पुढं गेले, तेव्हा नरसय्या काशम्मापाशी येऊन उभा राहिला.

"वैनी, तुमाला सांगतो, त्यांना म्हणू नगा. गुरुवारी मी सूत आणाय गेलो होतो, तवा कामरेड आमच्या घरी येऊन गेले. तीन तास पोरीपाशी बसले. सूप मांडीवर घेऊन बिड्यांना दोरा बांधत होते म्हणं."

"आमचे हे?"

"व्हय. म्हणले, बाई, तुझी शाळा मल्लेशनं न्हाय सोडवली. संपाची हाक मी दिली होती. राग धरायचा तर माझा धर. मला सांगू नगं म्हणून शपथ घातली तिला." नरसय्यानं लांबवर चनबसप्पांकडं बघितलं. ते कंडक्टरशी वेळापत्रकावरून वाद घालत होते. "पोरीनं काल मत मोजायच्या आदी सांगून टाकलं. तिच्या पोटात काय राहत न्हाय."

काशम्मानं डोळ्यांना पदर लावला. तंबाखूचा वास, धुतलेलं धोतर, ताठ कोपर, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. आपल्या विरोधात मतं जमवायला हा म्हातारा पूर्व भागात चालत गेला होता, आणि हरल्यावर आता कंडक्टरशी भांडत होता. या माणसावर तिचा फार जीव होता. हे तिला नवीन नव्हतं, पण त्या एसटी स्टँडवर ते नव्यानं जाणवलं.

शुक्रवार पेठेत पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. चनबसप्पा घराकडं वळलेच नाहीत, काशम्माही मागोमाग गेली. मल्लेश नेहमीसारखा ओट्यावर होता आणि सिद्धम्मा उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. वही काखेत धरून चनबसप्पा खांबासमोर उभे राहिले. सवयच ती.

"ठराव क्रमांक चार आज रद्द झाला," ते खांबाला म्हणाले. "दोन विरुद्ध एक."

सिद्धम्माचे हात तांदळात थांबले. मल्लेशनं एकदा वहिनीकडं, काशम्माकडं पाहिलं. तिनं मान हलवली, तेव्हा कुठं त्यानं तेहतीस वर्षांनी तोंड उघडलं.

"विरोधात कोण?"

"मी."

"वाटलंच मला," मल्लेश म्हणाला.

चनबसप्पा खांबाकडून वळले. भावाचा चेहरा इतक्या जवळून सरळ बघायची सवय मोडली होती, म्हणून ते जरा गोंधळले.

"चूक तुझी होती मल्लेश."

"व्हय अण्णा."

"अजून हाय."

"व्हय. बस की."

चनबसप्पा ओट्यावर बसले. दोघंही समोर बघत राहिले. खांबाला सगळं सांगून झालं होतं. मग चनबसप्पांनी तळहात पुढं केला.

"तंबाखू हाय का?"

मल्लेशनं खिशातून पुडी काढली, नखानं चुना घेतला आणि मळायला लागला. तेहतीस वर्षांनी अण्णाला द्यायची म्हणून त्यानं ती दोनदा मळली. चनबसप्पा हात तसाच धरून थांबले होते.

"अक्का," सिद्धम्मा काशम्माच्या कानाशी लागून कुजबुजली, "डॉक्टरांनी बंद केलीय न्हवं त्यांची?"

"ते वेगळं," काशम्मा म्हणाली, आणि तिच्या शेजारी बसून तांदळाचं ताट आपल्याकडं ओढून घेतलं.